नाव-गाव नसलेले पत्र : अवयवदात्याच्या कुटुंबीयांस कृतज्ञता कशी लिहावी

इयत्ता नववी व दहावीच्या मराठीच्या अभ्यासक्रमात पत्रलेखन आहे. मागणीपत्र, विनंतिपत्र, अभिनंदनपत्र हे त्याचे प्रकार आम्ही दरवर्षी शिकवितो. दिनांक कोठे घालावा, 'प्रति' कोठे लिहावे, विषय एका ओळीत कसा मांडावा, शेवटी पाठविणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता का हवा, हे सांगताना आमचा हात आता फळ्यावर आपोआप चालतो. गेल्या वर्षी मात्र आमच्यापुढे असे एक पत्र आले की ज्यात 'प्रति'पुढे लिहावयास नाव नव्हते, पत्ता नव्हता, आणि शेवटी स्वतःचे नाव-गाव लिहिण्याचीही मुभा नव्हती. ते एका पानाचे पत्र पूर्ण होण्यास दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आम्ही शिक्षक आणि आमचे विद्यार्थी जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पत्र लिहिणारा आमच्याच वसतिगृहात वाढलेला माजी विद्यार्थी. पंचविशीच्या आत त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी सुमारे चार तास, आणि दिवसभरात किती पाणी प्यावे याचे मोजमाप. राहाता तालुक्यातला चैत्र-वैशाख ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मोजून पाणी पिणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. पुढे एका मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबाने अवयवदानास संमती दिली आणि प्रतीक्षायादीतून याचा क्रमांक लागला. शस्त्रक्रियेस दोन वर्षे झाल्यावर तो एक कोरी वही घेऊन शाळेत आला. म्हणाला, "सर, मला आभार मानायचे आहेत. पण कुणाचे ते माहीत नाही. काय लिहू?" त्याच्या संमतीने ही हकीकत येथे देत आहोत. त्याची ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले आहेत. ते का, हे पुढे येईलच.

आम्ही त्याला सुरुवातीस जे सांगितले ते सारे चुकीचे होते. "मनापासून लिही, म्हणजे झाले," असे आम्ही म्हणालो. मनापासून लिहिता येत नव्हते म्हणूनच तो आला होता. दुसऱ्या भेटीत त्याने खरी गोष्ट सांगितली. प्रतीक्षायादीत असताना रात्री फोन वाजला की त्याला आशा वाटे, आणि आशा वाटली की लाज वाटे. कारण आपण कोणाच्या तरी मरणाची वाट पाहत आहोत, असे त्याच्या मनाने घेतले होते. जे मरण आपण जणू मागितले, त्याबद्दल आभार कसे मानायचे? या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज पत्राचा मायना सुद्धा सुचणार नव्हता. आणि ते उत्तर भाषेच्या पुस्तकात नव्हते. म्हणून आम्ही आधी वैद्यकाचा आणि कायद्याचा थोडा अभ्यास केला.

मेंदूला जबर इजा झाली, किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, की कधी कधी मेंदूचा तळाकडचा भाग, ज्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, तो कायमचा बंद पडतो. श्वास घेण्याची आज्ञा तेथूनच जाते. यंत्राने श्वास चालू ठेवला तर हृदय काही काळ धडधडत राहते, अंग उबदार राहते, छाती वरखाली होते. परंतु माणूस गेलेला असतो. तो पुन्हा श्वास घेणार नसतो. आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने हा मृत्यू मान्य केला. महाराष्ट्रात हा कायदा १९९५ पासून लागू आहे. असा मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने ठरवावयाचा असतो आणि त्याच्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. त्यानंतर जवळच्या नातेवाइकांना विचारले जाते. त्यांनी होकार दिला तरच पुढचे सारे.

या होकाराची वेळ डोळ्यांपुढे आणावी, असे आम्ही नववीच्या वर्गाला सांगितले. सकाळी डबा घेऊन घरातून निघालेला माणूस. संध्याकाळी अपघाताचा फोन. आपल्या शिर्डीवरून जाणारा नगर-मनमाड रस्ता आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झालेला समृद्धी महामार्ग या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या मुलांना अपघाताचा फोन म्हणजे काय हे कल्पनेने समजून घ्यावे लागत नाही. पालख्यांबरोबर पायी येणारे भाविकही याच रस्त्यांच्या कडेने चालतात. मग अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. समोर काचेतून आपला माणूस दिसतो आहे, त्याची छाती हलते आहे, आणि डॉक्टर म्हणतात तो गेला. आणि त्याच घटकेला कोणी तरी हळू आवाजात विचारते, आपण अवयव द्याल का? वेळ थोडा असतो. काढलेले हृदय साधारण चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागावे लागते. यकृताला थोडा अधिक अवधी मिळतो, मूत्रपिंडाला त्याहून अधिक. पण बाकावर बसलेल्या आईला या हिशेबाचे काय?

येथे आमच्या माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सापडले. तो माणूस याच्या आशेमुळे गेला नव्हता. याने यादीत नाव घातले नसते तरी तो गेलाच असता. जाणे कोणाच्या हातात नव्हते. हातात होता तो फक्त त्यानंतरचा होकार. तू मरणाची वाट पाहत नव्हतास, कोणाच्या तरी होकाराची वाट पाहत होतास, असे आम्ही त्याला म्हणालो. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने वहीच्या पहिल्या पानावर 'आपण हो म्हणालात' एवढेच तीन शब्द लिहिले. अंतिम पत्रात ते शब्द राहिले नाहीत, परंतु पत्र तेथून सुरू झाले.

प्रत्यारोपणाच्या इतिहासात शल्यविशारदांची नावे ठळक अक्षरांत येतात. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. दोन-अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयत्न केला. रुग्ण काही तासांतच दगावला. भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. मुंबईत मात्र १९६८ नंतर पुन्हा हृदय बदलण्यास २०१५ चा ऑगस्ट उजाडला; ते हृदय पुण्यातील एका महिलेचे होते. बर्नार्ड यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. एडवर्ड डारवाल यांचे नसते. केपटाउनच्या त्या अपघातात एडवर्ड यांची पत्नी जागीच गेली आणि पंचवीस वर्षांची मुलगी डेनिस वाचणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या माणसाने काही मिनिटांत मुलीचे हृदय देण्यास होकार दिला. तिचे एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मिश्रवर्णीय गटात मोडणाऱ्या मुलाला बसविण्यात आले. त्या देशात तेव्हा वर्णभेद हाच कायदा होता; गोऱ्या माणसाचा बाक वेगळा, डबा वेगळा, शाळा वेगळी. आणि गोऱ्या मुलीचे मूत्रपिंड त्या मुलाच्या पोटात मुकाट्याने काम करू लागले. यावर तेथे गदारोळ झाला. आमच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "किडनीला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं." वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण हे वाक्य आम्ही टिपून ठेवले.

धम्माच्या अंगाने पाहता अवयवदान ही नवी कल्पना नाही. शिबी राजाने आंधळ्या याचकाला आपले दोन्ही डोळे काढून दिल्याची जातककथा आपल्या मुलांना पाठ आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर शिबीची कथा रंगविलेली आहे. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था उभी केली. ज्या समाजात ही कथा आजीच्या तोंडून ऐकली जाते तेथे त्यांना पुष्कळ माणसे भेटली, आणि त्या छोट्या देशाने जगातल्या कितीतरी देशांना नेत्रपटले पाठविली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दानपारमितेचा अर्थ सांगताना संपत्तीबरोबर रक्त, अवयव आणि प्रसंगी प्राण यांचाही समावेश केला आहे, आणि बदल्यात कशाचीही अपेक्षा नसावी अशी अट घातली आहे. हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. मानवी हृदय बदलण्याच्या दहा वर्षे आधी!

तथापि या कथांमध्ये आमच्या कामाचे एक उत्तर नव्हते. शिबीजातकाचा सारा प्रकाश दात्यावर आहे. घेणारा डोळे घेतो आणि नगर सोडून निघून जातो. त्याने दात्याला काय म्हणावे, हा त्या कथेचा विषयच नाही. तो विषय आम्हांस अंगुत्तर निकायात सापडला. जगात दोन प्रकारची माणसे दुर्मीळ, असे तेथे तथागत सांगतात: जो आधी उपकार करतो तो, आणि जो 'कतञ्ञू कतवेदी' असतो तो. मराठीत आपण 'कृतज्ञ' एवढ्यावर थांबतो, केलेले जाणणारा. पालीत त्याला दुसरा शब्द जोडलेला आहे. 'कतवेदी' म्हणजे केलेले जाणवून देणारा, ते प्रकट करणारा. आमचा माजी विद्यार्थी दोन वर्षे कतञ्ञू होता. त्याला कतवेदी व्हावयाचे होते, आणि त्यासाठी लेखणी हवी होती.

शिर्डीत राहून कृतज्ञतेविषयी लिहावयाचे तर एक गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या गावात रोज हजारो लोक काही तरी फेडावयास येतात. नवस बोललेला असतो, तो पुरा झाला की नारळ, चादर, पेढे, पायी वारी. या फेडण्यात एक सुटका असते. माणूस हलका होऊन एस.टी.त बसतो. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीही आधी तोच मार्ग सुचला होता. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तर सुचविले की कुटुंबाचा पत्ता कसाही काढावा, घरी जावे, त्या माउलीला साडी-चोळी करावी, काही रक्कम पाकिटात घालावी. त्यांच्या मनात चांगलेच होते. पण अवयवाच्या बदल्यात पैसा या गोष्टीला आपला कायदा अतिशय कठोर आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयवाच्या व्यापारास पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. आभारासाठी दिलेली साडी म्हणजे व्यापार नव्हे हे खरे. परंतु ज्या देण्यावर व्यवहाराची सावलीही पडू नये, तेथे पाकीट नेऊच नये असे आमचे मत आहे. आणि दुसरे असे की हे ऋण फिटण्यासारखे नाही. ते फिटले असे वाटू लागले तर औषधाच्या गोळ्या चुकू लागतील, ही भीती आम्ही त्याला स्पष्ट बोलून दाखविली. प्रत्यारोपण झालेल्याने शरीराने नवा अवयव झिडकारू नये म्हणून जन्मभर औषधे घ्यावयाची असतात.

आता नाव-पत्त्याचा मुद्दा. दात्याचे कुटुंब आणि अवयव मिळालेला रुग्ण यांची ओळख एकमेकांना न देण्याची रीत आहे. पत्र लिहून ते रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकाकडे द्यावयाचे. पाकीट चिकटवावयाचे नाही. समन्वयक ते वाचतात, ओळख देणारे काही राहिले असल्यास काढावयास सांगतात आणि योग्य त्या मार्गाने दात्याच्या कुटुंबास विचारतात, आपल्यासाठी पत्र आहे, हवे आहे का? कुटुंब नको म्हणू शकते. नंतर पाहू असेही म्हणू शकते. वाचून काहीच न कळविण्याचाही त्यांना अधिकार आहे. विद्यार्थ्यांना हे प्रथम पटले नाही. चांगल्या कामाची लपवाछपवी कशाला, असा त्यांचा सूर होता. आम्ही उलट बाजू मांडली: उद्या या मुलाचे शरीर नवे मूत्रपिंड नाकारू लागले, तर ती बातमी त्या आईला कळावी का? तिला दुसऱ्यांदा तेच दुःख? किंवा त्या घरातील कोणी अडचणीत सापडून याच्याकडे मदतीस आले, तर हा नाही म्हणू शकेल का?

मात्र सगळीच कुटुंबे असे अंतर मागत नाहीत. १९९४ साली इटलीत सहलीवर असताना निकोलस ग्रीन नावाचा सात वर्षांचा अमेरिकन मुलगा दरोडेखोरांच्या गोळीने गेला. त्याच्या आईवडिलांनी त्याचे अवयव व नेत्रपटले दिली. सात इटालियन व्यक्तींना ती मिळाली. ग्रीन दांपत्य पुढे त्या माणसांना भेटले. यकृत मिळालेल्या तरुणीने आपल्या मुलाचे नाव निकोलस ठेवले. इटलीत नंतर कायद्याने ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन आले, तेव्हा निकोलसचे वडील रेज ग्रीन यांनीच दोन्ही कुटुंबांची इच्छा असेल तर भेटू द्यावे म्हणून आवाज उठविला. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. आम्हांस पत्र हा मधला मार्ग वाटतो: दार उघडे, पण उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

ओळख देणारे तपशील म्हणजे काय, याचा शोध घेताना वर्गाला गंमतही वाटली आणि थोडी अस्वस्थताही आली. आडनाव नको, हे लगेच सर्वांना कळले. गाव नको, रुग्णालय नको, शस्त्रक्रियेची तारीख नको. पण मग कोणी लिहिले, "मी ज्या गावात राहतो तेथे रामनवमीला मोठा उत्सव असतो." खोडावे लागले. कोणी लिहिले, "आमच्या हॉटेलच्या समोरून पालख्या जातात." तेही गेले. आणि मग एका मुलीने विचारले, "सर, आडनाव नाही, गाव नाही, म्हणजे जातही कळणार नाही ना?" नाही कळणार, असे आम्ही म्हणालो. अवयव कोणाला मिळावा हे ठरविताना रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, आजाराची निकड असल्या गोष्टी पाहिल्या जातात. ते कोष्टक जात पाहत नाही. वर्गात काही क्षण शांतता होती.

या शांततेचे पुढे वादात रूपांतर झाले, आणि तो वाद आम्ही येथे लपविणार नाही. आमच्या माजी विद्यार्थ्याला पत्राच्या आरंभी 'जय भीम' लिहावयाचे होते. तो म्हणाला, आजवर प्रत्येक पत्र मी असेच सुरू केले आहे. ज्यांनी देताना माझी जात विचारली नाही, त्यांच्यापासूनच मी ती का लपवू? आमच्या विभागातही दोन तट पडले. एकाचे म्हणणे, हा अभिवादनाचा शब्द आहे, त्याला लपविणे म्हणजे शरमणे. दुसऱ्याचे म्हणणे, नियम आपल्या शब्दासाठी केलेला नाही. उद्या समोरचे कुटुंब उत्तर देईल तेव्हा त्यांनाही त्यांच्या देवाचे नाव घालता येणार नाही. कोणत्याही एका धर्माची खूण त्या घराच्या दारात न मागता ठेवू नये, हे आम्हांस अखेर पटले. त्याला पूर्ण पटले असे आम्ही म्हणणार नाही. त्याने 'सविनय नमस्कार' लिहिले आणि शेवटी 'आपणा सर्वांचे मंगल होवो' असे लिहिले. 'मंगल' हा शब्द कोणत्याही घरात चालतो, आणि आपल्या घरात तो कोठून आला हे आपल्याला ठाऊक असते. "कधी भेट झालीच, तर तोंडातून पहिला शब्द जय भीमच येईल," एवढे तो म्हणाला. आम्हीही त्यावर मग काही बोललो नाही.

मायन्यावर बराच वेळ गेला. एका विद्यार्थिनीने 'तीर्थरूप' सुचविले. शब्द सुंदर आहे, पण तो नाते गृहीत धरतो. आणि नाते मागणे हे आभार मानण्याहून मोठे मागणे आहे. 'आदरणीय कुटुंबीयांस' यावर एकमत झाले. आपल्या जुन्या पत्रांत 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' असे लिहिण्याची पद्धत होती. काही मुलांनी ते आजोबांच्या पत्रांतून उचलून आणले. या पत्रात ते वाक्य ठेवून पाहावे, म्हणजे ठरीव वाक्ये कोठे इजा करतात ते कळते. इकडील क्षेम हे तिकडील क्षेम गेल्यामुळेच आहे. 'लोभ असावा' हेही गाळले. आणखी एक आठवण वर्गाला सांगितली: पूर्वी मृत्यूची वार्ता देणारे पोस्टकार्ड वाचून फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. हे पत्र मात्र अशाच वार्तेच्या मागून येते आणि कदाचित कपाटात, फोटोच्या मागे, वर्षानुवर्षे ठेवले जाते. ते शंभर वेळा वाचले जाईल असे समजून लिहावे.

सर्वांत कठीण भाग दुःखाला हात लावण्याचा. नववीच्या तेहतीस कच्च्या पत्रांपैकी बहुतेकांत 'तुमचा मुलगा माझ्या रूपाने जिवंत आहे' असे वाक्य होते. ते चित्रपटांतून आले असावे. आम्ही ते वाक्य काढावयास सांगितले. एक तर गेलेली व्यक्ती मुलगा होती की आजी, हे लिहिणाऱ्यास ठाऊकही नसू शकते. दुसरे असे की हे वाक्य म्हणण्याचा अधिकार त्या आईचा आहे. तिला तसे वाटत असेल तर ती म्हणेल, आणि तेव्हा ते ऐकून घ्यावे. आपण म्हणू नये. 'देवाने त्यांना माझ्यासाठी नेले', 'त्यांचे मरण सार्थकी लागले', 'मी आपले दुःख समजू शकतो' हीही वाक्ये गेली. एका हुशार मुलाने अनित्यतेवर सुंदर परिच्छेद लिहिला होता, किसा गोतमीच्या मोहरीच्या दाण्यांसह. आम्ही त्याला जवळ बसवून सांगितले की ज्या घरात कोणी मेले नाही असे घर शोध, हे गोतमीला सांगण्याचा अधिकार तथागतांचा होता. ज्याला त्या घरातून जीवदान मिळाले त्याने ते त्या घरास सांगू नये. तो रागावला, मग हसला.

मग लिहावयाचे काय? रोजचे लिहावे. औषधोपचाराची जंत्री त्या घराला नको असते. आपल्या देण्याने कोणत्या माणसाचा कोणता दिवस बदलला हे हवे असते, असे आम्हांस वाटते. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थिनीला केरळातील रुग्णालयात एका तरुणाचे दोन्ही हात बसविले गेले, आणि पुढे तिने परीक्षेच्या उत्तरपत्रिका त्याच हातांनी लिहिल्या. त्या घराला कोणी विचारले तर, शस्त्रक्रिया किती तास चालली यापेक्षा ही उत्तरपत्रिकेची गोष्टच ते लक्षात ठेवतील. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही म्हणालो, आजारात कशासाठी सर्वांत जास्त तळमळलास? तो चटकन म्हणाला, "पाण्यासाठी." पत्राचा गाभा सापडला.

ते पत्र असे:

"आदरणीय कुटुंबीयांस,

सविनय नमस्कार.

मी आपणांस ओळखत नाही आणि आपण मला ओळखत नाही. आपल्या घरातील माणसाचे मूत्रपिंड मला मिळाले. हे पत्र लिहावयास मला दोन वर्षे लागली, कारण आपले दुःख आणि माझे बरे होणे एकाच दिवसाचे आहे, आणि त्याचे काय करावे हे मला कळत नव्हते.

मी तरुण आहे. आजारी होतो तेव्हा आठवड्यातले तीन दिवस यंत्राला जोडलेला असे. पाणी मोजून प्यावे लागे. माझी आई माझ्यासमोर पाणी पीत नसे. आत जाऊन पिऊन येई. आता तहान लागली की मी पाणी पितो. पहिल्यांदा पोटभर पाणी प्यालो तेव्हा आई शेजारी बसून होती, आणि नंतर तीही माझ्यासमोर प्याली.

मी पुन्हा कामावर जातो. धाकट्या बहिणीची फी या वर्षी मी भरली. औषधे वेळेवर घेतो. आपण दिले त्याची निगा राखणे माझ्या हातात आहे, ते मी करतो.

आपण तो निर्णय कसा घेतला असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. तो विचार मला पुरा करता येत नाही. आपल्या माणसाविषयी कधी आपणांस सांगावेसे वाटले तर ऐकावयास मी आहे. न वाटले तरी काही नाही. उत्तर यावे म्हणून हे पत्र लिहिलेले नाही.

आपणा सर्वांचे मंगल होवो.

आपला ऋणी"

परीक्षेच्या गुणांकनात या पत्राचे नाव-पत्त्याचे गुण गेले असते, हे मुलांनीच दाखवून दिले. विषयाची ओळही नाही. भाषा साधी ठेवण्याचे एक व्यावहारिक कारण होते: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दात्याचे घर गुजराती, कन्नड किंवा हिंदी बोलणारे असू शकते आणि समन्वयकाला अनुवाद करून वाचून दाखवावे लागते. अलंकारिक मराठीचा अनुवाद फार वाईट होतो. पत्र हाताने लिहिले; शाळेच्या रेघी कागदावर, निळ्या शाईने. एका जागी खाडाखोड झाली होती. पुन्हा लिहू का, असे त्याने विचारले. राहू दे, असे आम्ही म्हणालो.

पत्र समन्वयकाकडे दिले त्यास आता काही महिने झाले. कुटुंबाने ते स्वीकारले एवढा निरोप आला. दुसरे काही आले नाही. मध्यंतरी तो वसतिगृहाच्या वर्धापनदिनी आला होता, पंगतीत वाढावयास उभा राहिला. जाताना आमच्या टेबलापाशी थांबून त्याने विचारले की पुढल्या वर्षी पुन्हा लिहिलेले चालते का. चालते, असे समन्वयकांनी सांगितल्याचे आम्ही त्याला कळविले. कच्ची वही त्याने परत मागून नेली आहे.